खेळ पुरा झाला, वहिनी

मंगळवार, ४ मार्च

पोपटशेठ गेला. टॉकीजचा मालक. शेजारीण धापा टाकत सांगायला आली, जणू तिच्याच घरचं कुणी गेलं! मी तांदूळ निवडत होते. "बरं," म्हटलं आणि खडा काढून टाकला.

हे खुर्चीत बसूनच राहिले. एकोणतीस वर्षं त्याच्या टॉकीजात मशीन चालवलं ह्यांनी. उपरण्यानं डोळे पुसत होते. आमची धाकटी गेली तेव्हा ह्या डोळ्यांत एवढं पाणी दिसलं नव्हतं.

बुधवार, ५ मार्च

गल्लीत दुसरा विषय नाही. त्याचा तो पोपटी कोट. उन्हाळ्यातसुद्धा अंगातून काढला नाही, त्यावरून तर नाव पडलं. दारात उभा राहून येईल त्याला, "या या, तुमच्यावाचून खेळ अडलाय!" उशिरा येणाऱ्याच्या तोंडावर बॅटरी मारून ओरडायचा, "घरी भांडून आलेत, जागा द्या!" वाण्याकडे सगळे हसत होते. मी पायरी चढले तसे सगळे गप्प झाले. चोवीस वर्षं माझ्यासमोर टॉकीजचं नाव कुणी काढत नाही. काढूही नये.

पेपरात छापलंय — 'आयुष्यात एकही खेळ अर्ध्यावर सोडला नाही.'

नाहीच सोडला. मला पेपरानं सांगायला नको!

तेव्हा धाकटीला ताप चढून चौथा दिवस होता. डॉक्टर बॅग मिटून म्हणाले, "आता औषधाच्या हातात काही नाही. वडलांना बोलावून घ्या." तीनचा खेळ नुकता लागला होता. शेजारणीच्या दिराला पळवलं. साडेतीनला निरोप पोचला. धाकटी तीनदा म्हणाली, "बाबा आले?" पाच वर्षांची पोर. सव्वापाचला गेली.

हे आले सहा वाजून दहा मिनिटांनी. खेळ सहाला सुटतो.

दुसऱ्या दिवशी तो आला होता दारात. पोपटी कोट नव्हता, साधा पांढरा सदरा. मी विचारलं, "झाला ना तुमचा खेळ पुरा?" त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाला, "झाला, वहिनी. पुरा झाला."

मी दार लावून घेतलं.

शुक्रवार, ७ मार्च

रविवारी सकाळी टॉकीजातच शोकसभा आहे. ह्यांना बोलायला सांगितलंय. कागद लिहितात, फाडतात. फाडलेले कागद पाठकोरे होते, मी गोळा करून ठेवले.

"मी पण येणार," म्हटलं.

"तू कशाला? गुडघे दुखतात तुझे."

माझ्या गुडघ्यांची ह्यांना आजच आठवण झाली!

मी पण बोलणार आहे. ह्यांना ते सांगितलेलं नाही. गावानं त्याचे कोट आठवावेत, खुशाल. पण एकदा तरी कुणी भर सभेत म्हणायला हवं, की ह्या माणसानं एका बापाला मरणाऱ्या लेकीपाशी सोडलं नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, कळतं मला. देवाची माफी मागून घेतली आधीच.

शनिवार, ८ मार्च

सहा ओळी लिहून काढल्या. जास्त नकोत.

रविवार, ९ मार्च

त्या टॉकीजात पहिल्यांदा पाय ठेवला. खुर्च्या फाटक्या. पडद्याखाली त्याचा फोटो, कोटासकट.

बोलणाऱ्यांत माझं नाव देऊन ठेवलं होतं. माझा नंबर यायच्या आधी म्हातारा गेटकीपर उठला. काठी टेकत म्हणाला, "पेपरवाल्यांचं चुकलंय. खेळ एकदा थांबला होता. तीनचा. ऑपरेटरच्या घरून निरोप आला, तसे मालक स्वतः केबिनमध्ये चढले. मशीन बंद! ह्याच्या हातात स्वतःच्या सायकलची किल्ली कोंबली. म्हणाले, पळ, मागं बघू नकोस. लोकांनी शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घेतलं. तर मालक पडद्यापुढे येऊन उभे! पुढची सगळी गोष्ट स्वतः करून दाखवली हो. हिरोही तेच, खलनायकही तेच, हिरॉइनचं रडणंसुद्धा तेच! सहा वाजेपर्यंत. घसा बसला पार. एकानंही पैसे परत मागितले नाहीत."

सगळे हसत होते. टाळ्या. गेटकीपर माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनींना ठाऊकच आहे ते."

म्हणजे हे साडेतीनलाच सुटले. सायकलनं टॉकीज ते घर सात मिनिटं.

माझं नाव पुकारलं. मी उठले नाही. ह्यांचं पुकारलं. हेही उठले नाहीत.

सोमवार, १० मार्च

आज चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "कुठं होतात?"

ह्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "जिन्यात."

आमच्याच जिन्यात. खालून तिसऱ्या पायरीवर. सायकल वाड्यामागं लावून. "वर येणार होतो. तेवढ्यात तिचा आवाज आला, बाबा आले? पायच उचलेना. पुन्हा आला. पुन्हा आला. मग तुझा आला." खेळ सुटायच्या वेळेपर्यंत तिथंच बसले. म्हणजे मला वाटावं, तिकडूनच आले.

"आणि शेठना? त्यांना ठाऊक होतं?"

"त्याच रात्री सांगितलं. मालक म्हणाले, वहिनींना कळू देऊ नकोस. मला घालू देत काय शिव्या घालायच्या त्या. माझा कोट जाड आहे. तुला घातल्या तर तुमचं घर उभं राहणार नाही."

शेठ रस्त्यात दिसले की कोटाचं वरचं बटण लावून वाकायचे माझ्यापुढे. चोवीस वर्षं. मी तोंड फिरवायची.

चहावर साय धरली. तो तसाच ओतून दिला. कधी ओतत नाही मी.

मंगळवार, ११ मार्च

रोज दिवा लावताना घरातल्यांची, गल्लीतल्यांची, सगळ्यांची नावं घेते. एक सोडून. आज ते घेतलं. मोठ्यानं.

ह्यांचं आज आलं नाही तोंडात.