वैनींच्या माहेरचं रक्त

४ फेब्रु. ८५
पुष्पीच्या जबड्याची गाठ कॅन्सरचीच. थोरल्या भावाची, अण्णाची पोर, सहा वर्षांची. अण्णा रिपोर्ट घेऊन इस्पितळाच्या पायरीवर बसून राहिला.
संध्याकाळी आईनं मला गाठलं. वैनींची मावशी घशाच्या कॅन्सरनं गेली, म्हणजे हे त्यांच्या माहेरच्या रक्तातूनच आलं ना? तू कॉलेजात जीवशास्त्र शिकवतोस, तू सांग. म्हटलं, "असू शकतं." ठाऊक काहीच नव्हतं. 'ठाऊक नाही' म्हणायला जड गेलं. वैनी स्वयंपाकघरात होत्या. ऐकलं असणार.

७ फेब्रु.
वैनींना माहेरी धाडलं, अळणावरला. तिसरा महिना, विश्रांती हवी, हे निमित्त. पोटातलंही तसंच निघालं तर, ही आईची धास्ती. काढून टाकायचं बोलणं चाललंय. आई आल्यागेल्याला सांगते, आमचा प्रोफेसरच म्हणाला. अण्णा दिवसभर दुकानात. पुष्पी इस्पितळात आपल्या आईला शोधते.

१२ फेब्रु.
धारवाडला, लायब्ररीत. पुष्पीच्याच जातीच्या गाठीवर लेख सापडला. पेशीची वाढ चालवणारं जनुक सगळ्यांतच असतं. या गाठीत गुणसूत्र तुटतं आणि ते जनुक भलत्या जागी जाऊन चिकटतं. तिथं शेजारी डीएनएचा असा भाग, की ज्यातून प्रथिन बनत नाही, पण जवळचं जनुक किती चालावं हे तो ठरवतो. ही गाठ रक्तातल्या ज्या पेशीची, तिच्यात तो कायम चालू. मग जनुकही थांबत नाही. हे घडतं पोरीच्याच एखाद्या पेशीत, जन्मल्यानंतर. आईकडून नाही, बापाकडून नाही.
असल्या भागांना मी वर्गात 'भरताड' म्हणत आलो.

१४ फेब्रु.
वर्गात सगळं फळ्यावर काढून दाखवलं. आवाज खणखणीत. घरी जेवताना आईपुढं तोंड उघडेना. दोनदा सुरुवात केली, भाजी मागितली. लिहितानाही लाज वाटते.

१७ फेब्रु., रविवार
अळणावर. वैनी सोप्यात शेंगा फोडत होत्या. साध्या शब्दांत सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.
"मला कशाला सांगताय, भावजी? मी काही केलं नाही हे मला ठाऊक हाय. आईंच्या पुढं सांगा."
मग पुष्पी जेवते का विचारलं. चहा दिला. माझ्याकडं बघितलं नाही.

१८ फेब्रु.
सांगितलं. अण्णा दुकानाला निघालेला, त्याला थांबवून. आई, मला माहीत नव्हतं तरी बोललो. हे वैनींच्या रक्तातलं नाही.
आईला वाटलं, वैनींनी पढवून पाठवलं. म्हणाली, "तेव्हा एक सांगितलंस, आता दुसरं. कुठलं खरं मानू?"
माझीच करणी.
अण्णानं एवढंच विचारलं, पोटातल्याला धोका? म्हटलं, या आजाराचा म्हणशील तर चारचौघांच्या पोरांइतकाच.
"खरेन?" खरंच का, कन्नडात, हळू. लहानपणी विचारायचा तसं.
हो म्हटलं.
काढून टाकायला आईनं डॉक्टरीणबाईंची उद्याची वेळ घेतलेली आहे. अण्णानं दुकानाची किल्ली आईपुढं ठेवली, चपला घातल्या आणि स्टेशनच्या रस्त्यानं गेला. कुठं, ते सांगितलं नाही. अजून आलेला नाही.