आडवी केलेली स्कूटर

आदरणीय व्याहीबुवांस,

शिलाईच्या दुकानातून, काजं-बटणं बाजूला सारून, सादर नमस्कार. विहीणबाईंनाही सांगावा. आपला गुडघा जिना चढू देतो का? आपण राहायला गेलात त्या थोरल्या चिरंजीवांकडची लिफ्ट सारखी बंद असते असं कानावर आलं, म्हणून काळजी वाटते. इकडे सगळे मजेत आहोत. आपण माझ्या भरवशावर ठेवून गेलेली नवी स्कूटरही मजेत आहे, तिच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही (आपण विचारलेलं नसताना हे मी लिहितो आहे, यावरून काही तर्क करू नये).

जाताना आपण एकच अट घातली होती. गाडी मी वापरावी, पण आमच्या सूनबाईचा, म्हणजे आपल्याच लेकीचा, तिला हात लागता कामा नये. विम्याच्या ऑफिसातली खुर्चीवरची नोकरी सोडून ती दुचाकीच्या वर्कशॉपमध्ये पाने फिरवायला लागली, तेव्हापासून आपण तिच्याशी बोलत नाही आणि ती समोर आली की छताच्या पंख्याकडे बघत बसता. हे मला पटत नसलं तरी अट मी कबूल केली होती, आणि एकदा शब्द दिला की मी पाळतो. (कपडे देण्याच्या तारखा सोडून. तो धंद्याचा भाग आहे.)

तर गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला निघालो. त्याची त्याच दिवशी मुलाखत होती आणि कोट त्याच दिवशी तयार झाला होता (वरचा कंस पाहावा). सूनबाईला सुट्टी होती, तिला बाजारात सोडायचं म्हणून मागे बसवली. नुसतं बसलं तर हात लागत नाही, हे मी मनाशी नीट तपासून घेतलं होतं. वाटेत औषधाच्या दुकानाशी थांबलो, आम्ही दोघं उतरलो आणि इंजिन चालू ठेवूनच मी गाडी स्टँडवर चढवली. म्हणजे चढवली असं मला वाटलं. मी पाठ फिरवली आणि ती आडवी झाली, अगदी अलगद, दुपारी जेवून लवंडावं तशी. उचलली तर इंजिन बंद. बटण दाबलं की कुर्र कुर्र करायची, पण पेट घेईना.

आता तुम्ही-आम्ही कार्बोरेटरच्या जमान्यातली माणसं. स्कूटर सुरू होत नसेल तर तिला एका अंगावर आडवी करायची, पेट्रोल खाली उतरू द्यायचं, की झालं काम. मी आडवी केली. कुर्र. औषधवाला बाहेर आला आणि म्हणाला, तुम्ही चुकीच्या बाजूला केलीत. त्याने दुसऱ्या बाजूला केली. कुर्र. मग न्हावी आला, आणि त्याचं गिऱ्हाईकही अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मदतीला आलं. शेवटी निवृत्त बसड्रायव्हर आले, ज्यांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्यांनी गाडी जवळजवळ जमिनीला टेकवली आणि चोक शोधायला लागले. गाडीला चोकच नाही हे कळल्यावर त्यांचा जो अपमान झाला, तो मी शब्दांत सांगू शकत नाही. वर त्यांची सक्त ताकीद, की किल्ली कोणी बंद करायची नाही, आहे ती धुगधुगीही जाईल. सगळ्यांनी ऐकलं.

एवढा वेळ आपली लेक औषधाच्या दुकानाच्या पायरीवर हातात पिशवी धरून, ओठ दाबून उभी होती. "बाबा, मी बघू का?" असं तिने विचारलं, पण मी शब्दाला जागलो. इकडे मुलाखतीची वेळ जवळ येत होती, आणि कोट माझ्या खांद्यावर घामेजत होता. मग ती म्हणाली, "अण्णांनी हात लावायला मनाई केलीय, तोंड उघडायला नाही. गाडी सरळ उभी करा. किल्ली बंद करा. आता पुन्हा लावा, आणि जरा गप्प राहा." (शेवटचं सर्वज्ञांना होतं.) सीटखालून गुं असा बारीक आवाज आला. तो पेट्रोलचा पंप, म्हणे. बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. साबणवाल्या गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या.

वाटेत तिने मागून मला सगळं समजावलं, आणि मला ते समजलं याचं मलाच नवल वाटतं. कार्बोरेटरचं काम तयार कपड्यांसारखं, साधारण अंदाजाने सगळ्यांना बसेल असं. इथे एक डबी आहे, ती माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. हवा किती येतेय, इंजिन किती तापलंय, आपण मूठ किती पिळलीय, हे बघूनच ती ठरवते की पेट्रोलची तोटी किती वेळ उघडायची. ठिणगी कधी टाकायची तेही तीच बघते. इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, अगदी वर पोचायच्या किंचित आधी टाकावी लागते, कारण पेटायलाही वेळ लागतो. सुई आणि शटलचा मेळ चुकला की टाका सुटतो, तसंच हे. आणि गाडी फार कलली की डबीला वाटतं, पडली! आग लागू नये म्हणून ती पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडते. नुसती उभी करून भागत नाही, किल्ली बंद करून पुन्हा लावावी लागते. म्हणजे गाडी बरी व्हावी म्हणून आम्ही पाचही शहाणे तिला पुन्हा पुन्हा पाडत होतो. कोट वेळेत पोचला. मुलाखतीचा निकाल यायचा आहे, पण खांदे फार सुंदर बसले होते.

बाकी ठीक. आपला लोभ आहे तेवढाच राहावा, गाडी पाहिल्यानंतरही.

आपला,
व्याही

ता. क. : खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. वर्कशॉपने सूनबाईला नव्या माणसांना शिकवायचं काम दिलं आहे, पुढच्या महिन्यापासून. तिने हे घरात सगळ्यांना सांगितलं आणि मग बराच वेळ फोन हातात घेऊन बसली. तिला कोणाला सांगायचं होतं ते मी विचारलं नाही. व्याहीबुवा, लेक पडली असं वाटून आपण त्या दिवशी सगळं बंद केलंत. पडल्यावर बंद करणं चूक नाही, गाडीही तेच करते. मग विहीणबाईंनी, चिरंजीवांनी आणि मी आपल्याला आपापल्या बाजूला कलवून पाहिलं, तेही फुकट गेलं. पण ती कधीचीच सरळ उभी आहे हो. एकदा किल्ली फिरवा. तिचा पहिला वर्ग सुरू व्हायच्या आत फोन करा, जमलं तर या.

ता. क. २ : ओरखडा आहे. डाव्या अंगाला, चांगला वीतभर. सूनबाई म्हणाली होती की घासून मिटवता येईल, पण मी नको म्हटलं. इतक्या दिवसांनी आलात की आपल्याला रागवायला काहीतरी लागेल. त्या ओरखड्यावर रागवा. तो माझा आहे.