एकाच फोनवरून दोघी

सातारा, गुरुवार संध्याकाळ

आज वर्गात नको ते बोलून बसले. भौतिकशास्त्राची चाचणी मुलांनी घरून फोनवर दिली होती. पाटणकडून येणारी अश्विनी आणि तिची चुलत बहीण कोमल, दोघींचे पेपर एकाच फोनवरून आल्याचं संगणकानं दाखवलं. मी भरल्या वर्गात म्हणाले, "कॉपी करायची तर जरा हुशारीनं करा." वर्ग हसला. दोघींना शून्य.

तासानंतर अश्विनी जिन्यात भेटली. "मॅडम, आमच्या दोघीत फोन एकच हाय. तिचा पेपर झाल्यावर मी दिला, तिला भाईर बसवून."

एकच फोन. आधी विचारलं का नाही मी?

गुण लगेच परत दिले. पण माझे वडील, आप्पा, घरी मुलांना शिकवायचे तेव्हाचा त्यांचा नियम होता, ज्यांच्यासमोर चुकलो त्यांच्यासमोरच माफी मागायची. म्हणून मी अश्विनीला म्हणाले, "उद्या वर्गात सांगते, चूक माझी होती."

"नको ओ मॅडम! फोन एकच हाय हे समद्यांना कळंल. कॉपी केली म्हनू देत, त्येचं काय न्हाई."

मी मान डोलावली. फोनचं नाव न काढताही माफी मागता आली असती, हे घरी आल्यावर सुचलं. तिथं का नाही सुचलं? कारण तिनं नको म्हणताच मला हायसं वाटलं होतं.