रीतसर मागणी

५ फेब्रुवारी १९५६
शेजारच्या तात्यांनी आज कुंपणावरूनच अण्णांना विचारलं, "तुमची कुसुम आमच्या मधूला द्याल का?" अण्णा दाढी करत होते. म्हणाले, "असं नाही. रीतसर या." तात्या मुकाट घरात गेले. मी स्वयंपाकघरात, हात पिठात. काय करू नि काय नको असं झालं. वडील असे असतात का कुणाचे!

७ फेब्रु.
रीतसर म्हणजे नक्की काय? अण्णांचा लाडका शब्द. रजेचा अर्ज रीतसर हवा, गादीची घडी रीतसर हवी. भांडणसुद्धा रीतसर, एकाचं बोलून झालं की दुसऱ्याने. लग्नाच्या बाबतीत म्हणे रविवारी मुलगी दाखवायची, पोहे द्यायचे. म. लहानपणापासून मागच्या दाराने येतो, पातेल्यावरचं झाकण स्वतः उघडतो. त्याला काय दाखवणार, कपाळ?
करंजा गावची कोळीण हिराबाई सुक्या कोळंबीचे सोडे घेऊन आली होती. ऐकून हसतच सुटली. "रोज बगतस त्याला, मंग आता बगाचा काय हाय?" पोह्यांत घालायला सोडे मात्र मोठे मोठे निवडून दिले.

१० फेब्रु.
शाळा सुटल्यावर तळ्यापाशी म. दिसला. सायकलवरून उतरलासुद्धा नाही. "रविवारपर्यंत बोलायचं नाही म्हणतात तात्या. रीतीला धरून नाही." आणि गेला! गाढव.
घरी येईपर्यंत हसत होते. मग लक्षात आलं, अण्णांना विचारलं, आईला विचारलं, पेणच्या मामांनाही पत्र गेलं. मला कुणीच... त्यानेही नाही. हवाच आहे मला तो. पण विचारा ना!

१२ फेब्रु., रविवार
झाला कार्यक्रम. मंडळी गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराने आली. म. कोटात, घामाघूम.
अण्णा : येताना त्रास नाही ना झाला?
तात्या : छे छे, वाट सोपी होती.
आईने पदर तोंडाला लावला. तात्यांनी मला नाव विचारलं. सांगितलं. स्वयंपाक येतो का? कालच माझ्या हातचं बिरडं दोनदा घेतलं होतं यांनी! म्हटलं, "थोडाफार."
पोहे संपले. तात्या म्हणाले, आमची पसंती. अण्णा म्हणाले, आमचीही. पंचांग निघालं. बश्या उचलता उचलता माझ्या तोंडून गेलं, "माझी राहिली."
अण्णांनी चष्मा काढून पुसला. आता काही खरं नाही, असं वाटलं. तर म्हणाले, "बरोबर आहे. हे रीतसर झालं नाही." तात्या मला विचारायला सरसावले, तर त्यांनाच अडवलं, "तुम्ही नव्हे. ज्याचं लग्न, त्याने."
म. जो उठला तो घरीच.
अण्णांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

१३ फेब्रु.
संध्याकाळी म. आला. एकटा. पुन्हा तोच कोट. अण्णा आणि आई परसात गेले, म्हणजे खिडकीखाली. म. उभाच. "कुसुम, माझ्याशी लग्न करशील का?" आवाज मध्येच चिरकला.
हो ओठांवर आलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला काही विचारलं, ते इतक्यात कसं संपवू? म्हटलं, "बसा. विचार करून सांगते." बसा! मधूला!
बसलाय बाहेर. मी आत येऊन हे लिहितेय. दोनदा खाकरला. खिडकीखालून अण्णा म्हणताहेत, "घाई करू नकोस गं."