पिंप आधीच भरलेलं होतं

अण्णा, आज शाळेत एवढा जोराचा पाऊस झाला आणि आमच्या पिंपात त्यातला थेंबही साठला नाही. तुम्ही असतात तर कपाळाला हात लावला असतात.

आमची शाळा चाकणच्या पुढे, चहूबाजूंनी कंपन्या. पाणी टँकरचं, तेही दुपारपर्यंत संपतं, मग मुली संडासला जायचंच टाळतात. म्हणून सहावीच्या पोरांना घेऊन पिंप बसवायचं मी मनावर घेतलं. तुम्ही रहाटणीच्या खोलीवर बसवलं होतं तसंच: पत्र्याच्या कडेला उभा चिरलेला पाइप, तोंडाला जाळी, खाली निळं पिंप. तोटीचं भोक पाडण्याआधी खाली बादली बसते का, ते पोरांना बघायला लावलं. शेवटी फिटरची पोर आहे मी. पोरं पंधरा दिवस खपली आणि पावसानं दडी मारली.

तपासणी येणार म्हणून मुख्याध्यापकांनी टँकरवाल्याकडून पिंप काठोकाठ भरून घेतलं. "अहो मॅडम, फोटोत पाणी कुठलं ते कळतं का?" मी चिडले, पण मनातल्या मनात. एका मुलीनं मात्र विचारलंच, "मॅडम, पाऊस तर आलाच न्हाई, मग ह्ये पाणी कुठनं आलं?" मी तिच्यावर खेकसले, "गप उभी राहा, फोटो काढतायत."

तेव्हाच तुम्ही आठवायला हवे होतात. मी नऊ वर्षांची आहे, तुम्ही शिफ्ट संपवून येताय. पाऊस नुसता शिंतडून गेलाय, आणि तुम्ही खूश व्हावं म्हणून मी चाळीच्या नळावरून कळशी कळशी आणून पिंप निम्मं भरलंय. "अण्णा, पावसानं भरलं!" तुम्ही ओंजळीत पाणी घेऊन हुंगता. नळाच्या पाण्यातल्या औषधाचा वास येतो. तुम्ही ओरडत नाही. "भरलंस ते बेस केलंस. पर पावसाचं म्हनलीस कशाला?" एवढंच बोलून चपला काढायला वळता. त्यापेक्षा एक धपाटा घातला असतात तर मी कधीच विसरून गेले असते.

तपासणी लांबली. ती होईस्तोवर पिंपाला हात लावायचा नाही, अशी सरांची ताकीद. पिंप भरलेलं आणि मुलींचे हाल तसेच. आज तिसऱ्या तासाला पाऊस कोसळला, पाइप धो धो वाहायला लागला, आणि सगळं पाणी पिंपावरून ओसंडून फाटकाबाहेर, ट्रेलरच्या चाकांखाली. पोरं खिडकीत गोळा झाली. त्या मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मला सरांचा राग आला, टँकरवाल्याचा आला, पावसाचासुद्धा आला.

सगळा दोष सरांवर ढकलून हे पत्र संपवणार होते. नाहीतरी ते कुठे पाठवायचंय मला? पण अण्णा, तो फोटो ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावलाय. खाली लिहिलंय, 'विद्यार्थ्यांनी साठवलेले पावसाचे पाणी'. अक्षर माझं आहे.