नडगीवरची जखम आणि माझ्या पांढऱ्या पेशी

कोपर, मंगळवार

ती. गोदाआत्येस,
देवरामचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? कळव्याचा जिना चढताना अजून मध्येच बसावं लागतं का? इथे वासंती मजेत आहे, मी मजेत नाही. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हात मोकळा राहिला की तो खिशाकडे जातो, म्हणून हातात पेन धरलंय.

झालं असं, की गच्चीवरच्या टाकीचं लोखंडी झाकण उचलताना माझ्या आणि रघूच्या हातून सुटलं. (रघू म्हणजे वासंतीचा थोरला भाऊ. माझ्याहून मोठा, आणि सुपारीसुद्धा न खाणारा.) झाकण आधी त्याच्या पावलावर पडलं, मग माझ्या नडगीवर. झाकण एकच, दिवस एकच, पट्टी बांधणारी वासंतीही एकच. रघूची जखम बघता बघता भरली, तो चपला घालून बाजारात हिंडायला लागला. माझी मात्र गळतच राहिली. वर सर्दी झाली, तीही जाईना. वासंतीला माझ्याकडूनच लागलेली सर्दी, पण तिची पाहुण्यासारखी येऊन गेली, माझ्या छातीत भाडेकरू होऊन बसली.

शेवटी ठाकुर्लीला डॉक्टर निशिगंधाकडे गेलेलो. पोरगी वयाने लहान, पण नजर तुझ्यासारखी. तिने रक्त तपासायला लावलं. साखर चांगली निघाली आणि पांढऱ्या पेशी चक्क जास्त! पांढऱ्या पेशी म्हणजे जंतूंशी लढणारे शिपाई, एवढं मला माहीत होतं. मी रिपोर्ट वॉचमनला दाखवला, रघूला दाखवला (त्याच्या पेशी जेमतेम असणार, असंही सुचवलं), आणि वासंतीला शिरा करायला लावला. शिरा खाऊनच डॉक्टरकडे गेलो.

तिने रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "काका, सिगरेट किती?"

मी म्हटलं, "सिगरेटचं सोडा. डासांना धुरी दिली की डास पळतात ना? मग आतल्या जंतूंना धूर बाधत नाही होय?"

"जंतू नाही पळत, काका. तुमचे पहारेकरीच धुराने बेजार होतात. पेशी वाढल्यात ती शाबासकी नाही. धुरामुळे त्या रोजच उगाच चवताळलेल्या असतात, आणि खरी जखम झाली की त्यांच्याने काम धड होत नाही. रक्तही तिथे नीट पोचत नाही. सर्दी छातीत उतरते तीही त्यामुळेच."

सर्दी छातीत उतरते म्हणाली, आणि मला आपले दादा आठवले. बिडी विझायची नाही आणि खोकला थांबायचा नाही. तू विटेचा तुकडा गरम करून फडक्यात गुंडाळून त्यांची छाती शेकायचीस. बहिणीने भावाचं केलंस, आता भाच्याचंही करायला लावू? आत्या, तिथेच ठरवलं. सोडली म्हणजे सोडली.

सोडणं सोपं नाही. लवंग चघळून जीभ बधिर झाली. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी भांडलो (नंतर माफी मागून दोन जुड्या घेतल्या, वासंती अजून वड्याच करतेय). परवा कोपर स्टेशनजवळच्या टपरीवर बडीशेप मागितली, तर टपरीवाल्याने सवयीने सिगरेटच हातात दिली. शेजारी चहावाल्याने कटिंग पुढे केलेला. एका हातात ही, एका हातात तो. मी सिगरेट सरळ चहात बुडवली. टपरीवाला बघतच राहिला. मग तसाच तो चहा प्यायचा मोह झाला, पण तोही ओतून टाकला.

आणि काल वासंतीने पट्टी सोडली, तर जखमेच्या कडेने गुलाबी कातडी धरलेली! मी रघूला हाक मारून दाखवली. तो म्हणाला, "ह्यात काय बघायचंय?" ज्याची जखम आपोआप भरते त्याला काय कळणार!

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
देवराम

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. तू महिनाभर इथे राहायला ये. तुझ्यासमोर मी आजवर कधी ओढली नाही. तू आलीस की गच्चीवर जायचो आणि चूळ भरून खाली यायचो. (तुला वास येत असणार, पण तू कधी बोलली नाहीस.) आता तुला सगळं सांगून टाकलंय, तेव्हा तू घरात असलीस की गच्चीवर जायचीही माझी हिंमत होणार नाही. वासंतीला मी भीत नाही, हे तिला विचारूनच लिहिलंय. रविवारी रघू रिक्षा घेऊन येईल, नाही म्हणू नकोस.

पुन्हा ता. क. : येताना मिश्रीची डबी कळव्यालाच ठेव. डॉक्टरला मुद्दाम विचारलं, तीही तंबाखूच. रागावू नकोस, दोघं मिळून सोडू. वासंती म्हणते, एका घरात दोघं सोडणार असतील तर ती माहेरी चालली. बॅग भरून दाराशी ठेवलीय. तरी तू ये.