जनेलच राहील

रविवार संध्याकाळ, डिचोली

सुटले एकदाची! आठवडाभर त्या एका शब्दानं डोकं खाल्लं होतं. पुण्याच्या संपादकांना माझी कविता आवडली, पण 'जनेल'च्या जागी 'खिडकी' करा म्हणाले. वाचकांना कळणार नाही म्हणे. मीही मुकाट्यानं हो म्हटलं. का? छापून येणार म्हणून एवढी लाचारी?

आज कविसंमेलन संपल्यावर पेडण्याच्या भाऊंना विचारलं. जन्मभर कविता लिहिलेला माणूस, वाटलं लयीबियीचं काही सांगतील. चहा बशीत ओतत म्हणाले, "खाणीचे ट्रक जायचे तेव्हा तुझी आई काय ओरडायची गो?"

"जनेल धांप, धुल्ल येता!"

"मग? कवितेत खिडकी घातलीस तर धुल्ल आत येतलीच."

हसू आवरेना. तिथूनच संपादकांना फोन लावला. जनेलच राहील, म्हटलं. "मग तळटीप देऊ," म्हणाले. नको. कवितेत आई ते लावून घेते आणि तांबडी धूळ बाहेर राहते, एवढ्यावरून कळेल की!

घरी आले तर आई म्हणते, "जनेल उगड गो, वारो येंव दी."

आमच्या रस्त्यावरून आता ट्रक जात नाहीत. उघडलं. कवितेतलं मात्र तिनं लावलंय, ते तसंच राहू दे.